आईची फाइल

प्रिय दादा,

हे 'प्रिय' हाताला सवय आहे म्हणून उमटलं, त्याचा फार अर्थ लावू नकोस. मी भयंकर चिडले आहे. आणि मेल न करता कागदावर लिहिते आहे, कारण तुझ्या हाती मेल द्यायची आता माझी हिंमत होत नाही.

चार दिवसांसाठी आलास, बाबांचा कॉम्प्युटर रखडतो म्हणालास, आणि कुणाला न विचारता त्यांच्या मेलच्या फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर हलवून मोकळा झालास. अरे, मी रोज लोकांचे दात उपटते, पण उपटण्याआधी विचारते तरी!

त्या मेलचं या घरात काय मोल आहे, ते तुला कुठून कळणार? घशाच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज गेला. पाटीवर लिहून दाखवायचा तिला मनापासून कंटाळा, म्हणून ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फोनवर मेल लिहायची आणि बाहेरच्या खोलीत बाबांचा कॉम्प्युटर टिंग करायचा. 'अहो, चहा झालाय. ही तिसरी हाक.' 'पंखा बंद करा, वीज काय फुकट मिळते?' भांडणंसुद्धा तशीच. बाबा इकडून तावातावानं ओरडायचे, तिकडून नुसतं टिंग. शेवटचा शब्द मात्र कायम टिंगचाच असायचा.

ती गेल्यापासून बाबा रोज सकाळी अंघोळ झाली की चष्मा पुसतात, तिचा एखादा मेल उघडतात, वाचतात आणि उठून तिनं सांगितलेलं काम करून येतात. पंखा बंद असला तरी बटण एकदा बघून येतात. हसू नकोस. डोकं अगदी शाबूत आहे त्यांचं, फक्त सांगणारं कुणीतरी लागतं.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर लावला, तर फाइल सापडत नाही असं दिसायला लागलं. मी दवाखान्यातून जेवायला घरी आले तेव्हा ते चष्मा हातात धरून तिथंच बसले होते. म्हणाले, माझ्याच हातून भलतंसलतं काहीतरी दाबलं गेलं, मीच तिला पुसून टाकलं. तेव्हापासून कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकली आहे आणि त्या खुर्चीत ते बसत नाहीत. पंखा दिवसभर चालू असतो, दादा.

फोनवर तू काय म्हणालास? जागाच नव्हती, म्हणून हलवल्या. मग मी स्वतः बसून शोधलं. बाबांच्या नोकरीतल्या मेलची अगडबंब फाइल होती तिथंच आहे, तिला तू हातही लावलेला नाहीस. कॉम्प्युटरमधला शेजारचा ड्राइव्ह जवळजवळ रिकामा. गेली आहे ती एकच फाइल, सगळ्यांत लहान, आईची. आणि ती या घरात कुठंच नाही. इथं असताना तू कॉम्प्युटरला जोडून बसला होतास ना, तुझ्या बॅगेतल्या त्या तळहाताएवढ्या काळ्या ड्राइव्हवर ती आहे. जागेचं कारण कुणाला सांगतोस?

हे कळलं तेव्हा तुला बदडून काढावंसं वाटलं. मग आठवलं, आईनं तुला एकही मेल केला नव्हता. तू फोन करायचास, एकटाच बोलत राहायचास आणि ती इकडून चमच्यानं टकटक करून हो की नाही ते सांगायची. टकटक काही जपून ठेवता येत नाही. पण गाढवा, स्वतःच्याच आईची चोरी करायची? मागितली असतीस तर बाबांनी नाही म्हटलं असतं का? तुझ्यासाठी एक प्रत ठेवून घे आणि फाइल घेऊन स्वतः ये. कुरिअरनं पाठवलीस तर दारातूनच परत करीन. बाबांच्या शेजारी बस, ती जागेवर ठेव आणि त्यांना सांग की तुमच्या हातून काहीही झालेलं नाही, मला आई हवी होती म्हणून मी नेली. मी त्यांना यातलं काही बोललेले नाही, ते तूच सांगायचं आहेस. तोवर पंखा मी बंद करते.

तुझीच, आणि अजूनही रागातच असलेली,
धाकटी