उघडा व्हॉल्व्ह

प्रिय रॉइस,

व्हॉल्व्हचा दांडा ओढला आणि मूठ निघून माझ्या हातात आली. मी आपल्या राहत्या ट्रेलरखाली पुठ्ठ्यावर उताणी पडले होते, तोंडाला फडकं बांधून. शेजारून वायोला ओरडली, "मेलीस की काय गं ओपल?" म्हटलं, अजून नाही. "मग उरक. तुझ्या टाकीच्या वासाने माझा कुत्रा जेवेना झालाय." तिचा कुत्रा काय काय खातो, तुला ठाऊक आहे.

तू पिकअप घेऊन त्या बाईकडे गेलास तेव्हा संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकलेला होता. पुढे जाईना, मागे येईना. सोमवारी वरच्या तळ्याकाठी हजर व्हायचं होतं. उन्हाळाभर पाइनच्या झाडीत फुकट जागा, बदल्यात कॅम्पवर येणाऱ्यांची देखरेख. आपण दोघांनी मिळून घेतलेलं काम. पण तिथे गटाराची जोडणी नाही. टाकी बंद होत नसेल तर ते ट्रेलर आत घेत नाहीत. ते काम गेलं असतं तर मला जून या भट्टीसारख्या वाळवंटात काढावा लागला असता. इथे जूनमध्ये कोण राहतं?

हिवाळ्याच्या सुरुवातीला आपण आलो, नळी गटाराला जोडली आणि तू व्हॉल्व्ह उघडाच ठेवलास. "राहू दे. आपोआप जाईल. रोज कोण वाकणार?" वायोलाने तेव्हाच सांगितलं होतं, "रॉइस, पातळ तेवढं निघून जाईल, घट्ट तिथेच बसेल. आधी टाकी भरू दे, मग एकदम सोड." तू म्हणालास, "बाईसाहेब, निदान माझ्या संडासात तरी मला राज्य करू द्या." सगळे हसले. मीही हसले.

टाकीत ढीग साचला, वाळला, व्हॉल्व्ह अडकला. शनिवारच्या एकत्र जेवणात, हातात ताट घेऊन, तू सांगितलंस, "ओपलने मोडला. बायकांना जोर कुठे लावायचा ते कळत नाही." तेव्हापासून आपल्या ट्रेलर पार्कचा व्यवस्थापक ट्रिब रोज गेटपाशी मला विचारतो, "काय ओपल, आज काय मोडलं?" शेवटचा हात माझाच लागला होता, म्हणून मलाही ते खरं वाटत होतं.

मी बाहेरच्या तोंडाला झाकण लावलं, टाकी पाण्याने भरली आणि मुरू दिली. सोडली, पुन्हा भरली. मग संडासातून लांब नळी घालून धुतली. नळावर वायोला होती. "येतंय का काही?" येतंय. "काय?" म्हटलं, रॉइसचा हिवाळा. ती नळ सोडून हसत बसली.

बोल्ट गंजले होते. व्हॉल्व्ह निघाला तेव्हा दांडा वाकलेला दिसला आणि त्यावर पकडीचे दात उमटलेले. तुझ्या पकडीचा एक दात तुटका आहे. खुणांच्या ओळीत तेवढी जागा कोरी होती. त्या पकडीला तू मला कधी हात लावू दिला नाहीस. मी तो दांडा उन्हात धरून एकेक खूण तपासली.

नवा व्हॉल्व्ह बसवताना एक रबरी रिंग उलटी लागली, पाणी ठिबकलं. पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. भरल्या टाकीखाली वर्तमानपत्र पसरलं. दुपारभर ते कोरडं राहिलं.

आता हे का लिहितेय ते. काल ट्रिबने तुझा निरोप दिला. त्या बाईकडे जमलं नाही, रविवारी येतोय, "ओपलला सांग, व्हॉल्व्हला हात लावू नकोस, मी येऊन नीट करतो, मग दोघं वर जाऊ." रॉइस, मी कॅम्पवाल्यांना कळवलं आहे की एकटीच येतेय. त्यांनी विचारलं, ट्रेलरची कामं कोण बघणार? मी म्हटलं, मीच. वायोलाचा भाऊ उद्या त्याच्या गाडीने ओढून नेतोय. ट्रेलर माझ्या नावावर आहे, हे तू विसरला असशील. जुना व्हॉल्व्ह कागदात बांधून ट्रिबकडे देऊन जाते. उद्या संध्याकाळच्या एकत्र जेवणात तो टेबलावर ठेव म्हणून सांगेन. ज्यांनी तुझं ऐकलं, त्यांनी दांडाही बघावा.

एकेकाळची तुझीच,
ओपल

ता. क. शनिवार, सकाळ. नळी काढली. खाली एक थेंब नाही. गेटपाशी ट्रिबने विचारलं, "काय ओपल, आज काय मोडलं?" मी व्हॉल्व्हचा पुडा त्याच्या हातात दिला. हे पत्रही त्याच्याकडेच ठेवतेय.