बाबांच्या खांद्यावरची बॅग

भांडुप, १३ जानेवारी २०२५

ती. विमलाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट मला घरात ओरडून सांगायची नाही, म्हणून पत्र.

व्यावसायिक गोल्फ खेळाडू म्हणून माझी पहिली स्पर्धा पुण्यात झाली. दोन दिवसांनी पहिल्या तीस जणींनाच पुढे खेळू देतात. मी दोन फटक्यांनी बाहेर. सोळाव्या होलला समोर तळं होतं. मला आखूड, तळ्याच्या अलीकडेच मारायचं होतं. बाबा कानाशी म्हणाले, पाण्याकडे बघू नकोस, मार बिनधास्त. चेंडू थेट तळ्यात.

बाबा चेंबूरच्या गोल्फ कोर्सवर पाण्याचे पंप सांभाळायचे, म्हणून तर मला सोमवारी, कोर्स बंद असताना, तिथे खेळायला मिळालं. आठ वर्षं माझी काठ्यांची बॅग त्यांनीच उचलली. राज्याची हौशी स्पर्धा जिंकले तेव्हाही तेच सोबत होते. पण आता हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि बॅग उचलणाऱ्याला ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीचा, उतार ओळखून मला सांगता यावा लागतो. मुलुंडची संघमित्रा त्यात एकदम पक्की आहे. यायला तयारही आहे. बाबांना कसं सांगू गं? तू मोठी बहीण, तुझं ऐकतात. तूच लिही ना.

हे वाचून रागावलीस तरी चालेल, माया तेवढी कमी करू नकोस.

तुझी अपूर्वा


झाराप, २० जानेवारी

चि. अपूर्वास अ. उ. आ.

हरलीस त्याचं वाईट वाटलं, पण तळ्याचं वाचून हसू आवरेना. लहानपणी तुझ्या बाबाने, सिद्धेशने, मलाही असंच बिनधास्त म्हणून व्हाळाच्या पाण्यात उडी मारायला लावली होती. माझी एक चप्पल अजून मिळायची आहे.

पण बाय, मी लिहायची नाही. माझ्याकडून कळलं तर त्याला वाटेल, पोरीला बाप जड झाला आणि तोंडावर सांगायचीही तिला चोरी. तू सांग. जे कारण मला लिहिलंस तेच सांग, उगाच त्याच्या गुडघ्यांची काळजी पुढे करू नको. तुझो बापूस आधी रुसतलो, मगे हसतलो.

आमसुलं पाठवलीत. उन्हात खेळतेस, सार करून पीत जा. या म्हातारीवर जीव आहे तो असू दे.

तुझी आत्या


भांडुप, २४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

तुला सगळं आधीच ठाऊक होतं, हे अपूर्वाने परवा कबूल केलं. बरं केलंस, गप्प राहिलीस.

मी तिच्या काठ्या पुसत बसलो होतो. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, “बाबा, नाशिकला माझी बॅग संघमित्रा उचलेल. तुम्हाला उतार कळत नाही.” मी उरलेल्या काठ्या पुसून संपवल्या. दोन दिवस चहा हवा-नको एवढंच बोललो. तिसऱ्या दिवशी मुलुंडला जाऊन संघमित्राला बॅगेतला कप्पा न् कप्पा दाखवून आलो. पट्टा डाव्या खांद्यावर घेतला तर काचत नाही, हेही सांगितलं.

नाशिकला आपली पोर सहावी आली, ताई. स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी मी लोकांत, दोरीच्या मागे उभा होतो. हात मोकळे, काय करावं सुचेना. इतकी वर्षं ती मारायची तेव्हा माझी नजर चेंडूवर असायची, गवतात हरवू नये म्हणून. तिला मारताना मी कधी पाहिलीच नव्हती. परवा पाहिली. काठी उचलते तेव्हा कपाळाला बारीक आठी पडते, आणि फटका बसला की हसते. लहान मुलीसारखी, स्वतःशीच. शेवटच्या होलला सगळ्यांच्या माना वर गेल्या, टाळ्या पडल्या. शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, कुठे पडला हो?

मला सांगता आलं नाही. मी चेंडू बघितलाच नव्हता.

धाकट्यावरचा लोभ आजवर आहे तसाच असू दे.

तुझा सिद्धेश