नाव कोणी द्यायचं?

सप्तापूर, धारवाड
८ नोव्हेंबर २०२५

चि. उत्तरा हिस गुरुप्रसादअण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू रडतेस आणि मी गप्प बसतो. आज मला गप्प बसायचं नाही, म्हणून कागद घेतला.

सोमवारी तुमच्या कोल्हापुरात धारवाडच्या बसला काळं फासलं. त्या गाडीवर ड्रायव्हर कोण होता, माहीत आहे? आपला मंजुनाथ, रायापूरचा. नऊ वर्षं तुझी भाजणी माझ्याकडे आणि माझे पेढे तुझ्याकडे पोचवणारा. काचेला काळं फासून पोरांचं समाधान झालं नाही. त्याला खाली ओढून तोंडाला ऑइलपेंट फासला. मागे बायका-पोरं बसली आहेत, तेवढं तरी बघा, असं तो त्यांना मराठीत सांगत होता. आणि मराठीचा गंध नसता त्याला, तरी काय बिघडलं असतं? रंग डोळ्यांत गेला. उजव्या डोळ्याने धड दिसत नाही. डेपोने गाडीवरून उतरवून ठेवलंय. डोळ्याचा दाखला वाईट आला तर त्याला पुन्हा गाडी मिळायची नाही.

आता मुद्द्याचं. तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. तोंडाला रुमाल बांधून डाव्या हाताने रंग फासणारा पोरगा साकेत आहे. ज्याला मी खांद्यावर घेऊन हिंडवलं, तो रुमालाने मला काय फसवणार? मंजुनाथनेही त्याला आवाजावरून ओळखलं. काका म्हणत स्टँडवर त्याच्या हातून पिशवी घ्यायचा ना तो. पोलिसांना मात्र मंजुनाथने सांगितलं, कोणाला ओळखत नाही. का, असं मी विचारलं तर म्हणाला, सर, तुमच्या बहिणीचा मुलगा, मी कसं नाव घेऊ. मला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

चाळीस वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं. एक देश, अनेक भाषा, पाच मार्क. तुझ्या पोराला पाचपैकी पाच पडले असणार.

साकेतला घेऊन ये. आधी मंजुनाथपुढे उभा कर, मग पोलिसात ने. तुझी वहिनी बरी आहे. रागावलोय तुझ्यावर, पण माया आहे म्हणूनच रागावलोय.

तुझा,
अण्णा

•

कोल्हापूर
१३ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. अण्णा यांस उत्तराचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. न पोचतं तर बरं झालं असतं.

होय, तो साकेतच. त्या दिवशी घरी आला तेव्हा हात काळे होते. मी काही विचारलं नाही, रॉकेलचा बोळा पुढे केला. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पुढाऱ्याने त्याला शाल घातली, तेव्हा मी आत जाऊन बसले. एवढं कबूल करते. आता माझं ऐका.

रुमालाआडचा भाचा तुम्हाला इतक्या लांबून दिसला. आणि त्याच्या दोनच दिवस आधी तुमच्या डोळ्यांदेखत काय झालं? सप्तापुरात कन्नडच्या नावाने पोरांनी दत्तात्रयांच्या खानावळीची मराठी पाटी फोडली. सत्तरीच्या माणसाला भर रस्त्यात स्वतःचे कान धरायला लावून उभं केलं. तुम्ही आत चहा पीत बसला होतात. सगळ्यांत पुढे तुमचा विद्यार्थी अनिश होता, हे तुम्हीच मला फोनवर सांगितलंत. पोलिसांना काय सांगितलंत? गर्दीत नीट दिसलं नाही. आणि संध्याकाळी शांतता सभेत भाषण ठोकलंत की दोन्ही बाजूंनी संयम बाळगावा. कसला संयम, अण्णा? कान तर दत्तात्रयांनी धरले होते.

तेच बघून इथली पोरं पेटली. मी साकेतची बाजू घेत नाही. पण हे गेल्यापासून मी त्याला एकटीने वाढवलंय. पुढच्या महिन्यात बँकेत रुजू व्हायचंय त्याला. पोलिसात नाव गेलं की सगळं संपलं. तुम्ही नाव देऊ नका. पाया पडते.

वहिनींना नमस्कार. तुमचा हात डोक्यावर राहू द्या.

उत्तरा

•

सप्तापूर, धारवाड
१८ नोव्हेंबर २०२५

चि. उत्तरा हिस अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

काल मंजुनाथचा दाखला आला. बस चालवायला अपात्र. आता डेपोत टायरला हवा भरायला बसवणार आहेत. मला हे सांगायला आला तेव्हा गेटाची कडी त्याला चटकन सापडेना. तरीही म्हणाला, सर, पोराचं नाव नको.

अनिशचं लिहिलंस ते झोंबलं. पण ती गोष्ट वेगळी. तिथे पाटी फुटली, कोणाचा डोळा गेला नाही. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर अख्खी गल्ली पेटली असती. आम्हाला इथे राहायचंय, दोन्हीकडच्यांशी बोलायचंय. कोणीतरी मधे उभं राहावं लागतं. सुरुवात कोणी केली हे उगाळत बसणारी माणसंच हा देश फोडतात, आणि त्यांत तू जाऊन बसू नकोस.

शुक्रवारी, अठ्ठावीसला, मी कोल्हापूरला येतोय आणि पोलिसांना साकेतचं नाव देतोय. मामा म्हणून काय शिव्या द्यायच्या त्या दे. घरी जेवायला येईन, वाढायचं की नाही ते तू ठरव.

अण्णा

•

कोल्हापूर
२३ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

शुक्रवारी येऊ नका. काम झालंय.

तुमचं पत्र आलं तेव्हा साकेत घरातच होता. मी त्याला ते मोठ्याने वाचून दाखवलं. मंजुनाथने ओळखलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. ओळखून नाव घेतलं नाही, हे ऐकल्यावर खाली मान घालून बसला. ऊठ म्हटलं, तर उठेना. मग मी एकटीच पोलिस ठाण्यात गेले. माझं नाव, पत्ता, मुलाचं नाव, रॉकेलच्या बोळ्यासकट सगळं लिहून दिलं. साहेबांनी दोनदा विचारलं, बाई, तुम्ही आईच ना. अर्ध्या तासाने साकेत आपल्या पायांनी आला. माझ्याकडे बघितलं नाही. अजून बघत नाही. बँकेची नोकरी गेल्यात जमा आहे.

तुम्ही मधे उभे आहात असं लिहिलंत. मधे नाही, तुम्ही आत चहा पीत बसला होतात. मला राग तुमच्या सांगण्याचा आला नाही, तुमचं सांगणं बरोबरच होतं. राग याचा आला की माझ्या पोराचं नाव द्यायला तुम्ही पावणेदोनशे किलोमीटर येणार होता, आणि तुमच्या घरापासून ठाणं चार पावलांवर आहे.

माझ्या मुलाचं नाव मी दिलं. अनिशचं तुम्ही द्या. दत्तात्रयांना बरोबर घेऊन जा, त्यांच्यासमोर सांगा की मला नीट दिसलं होतं. ते झाल्यावर मला पत्र लिहा. तोवर माझा नमस्कार धरू नका.

उत्तरा