हत्तीमुळे कललेला मालधक्का

प्रिय साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? (परवा धक्क्याच्या पायऱ्या चढताना दुखत असल्याचं काही दिसलं नाही, पण विचारणं आमचं काम.) मेहुणीबाईंना आमची आठवण सांगावी.

आपल्या स्टेशनातल्या जुन्या मालधक्क्याचं संग्रहालय झालं आणि ते लोकांना दाखवायला तुम्हाला नेमलं, हे ऐकून फार आनंद झाला. (दोन दिवस जेवण गेलं नाही, ते पित्तामुळे.) तुमचा जन्म गेला तिकीटखिडकीत, मालबाबू मी होतो, पण आवाज तुमचा मोठा, हे मान्य. रविवारी मीही मफलर गुंडाळून गर्दीत मागे उभा राहिलो. त्या दगडी कमानी पाहिल्या आणि वृत्त शिकवताना टेबलावर ताल धरणारे गुरुजी आठवले. एकेक कमान म्हणजे एकेक ओळ, आणि खाली उभ्या गाड्यांतला माल भिजू नये म्हणून पुढे झुकलेलं ते छप्पर म्हणजे ध्रुवपदच! डोळे भरून आले. तेवढ्यात तुम्ही सांगितलंत, की फलाट एका अंगाला कलला तो सर्कशीचा हत्ती मालगाडीच्या वाघिणीत चढवताना. अहो, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून बांधतानाच दिलेला उतार तो! मला राहवलं नाही, बोललो. तर तुम्ही हसून म्हणालात, "हे आमचे साडू. मनावर घेऊ नका, कवी आहेत." आणि आमची ही (जिने लग्न झाल्यापासून माझी एक कविता शेवटपर्यंत ऐकलेली नाही) पुढच्या रांगेतून विचारते, "भाऊजी, त्या हत्तीचं नाव काय होतं हो?"

वर, पोती कशी तोलत ते दाखवतो म्हणून तुम्ही मलाच ओढून जुन्या वजनकाट्यावर उभं केलंत. मी मफलरसकट पोत्यासारखा उभा. लोक हसले, टाळ्या वाजल्या, एका बाईंनी तर फोटो काढला. हा अपमान मी विसरणार नाही. त्या धक्क्यावर पुन्हा पाऊल ठेवणं नाही.

आपला,
साडू

ता. क. त्या बाईंकडून फोटो मिळेल का?

पुन्हा ता. क. काट्यावर उभं राहायला दर रविवारी कुणीतरी लागेलच. नवखा माणूस नुसता डुलतो; मी येत जाईन. काटा स्थिर व्हायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात छपरावरची माझी कविता म्हणून होईल. (छोटी आहे.) अगदीच अडलं, तर शेवटच्या कडव्यात हत्ती घालतो.