घर मुलीच्या नावे, क्षमेच्या अटीविना

मी खाली सही करणार, वय एकोणपन्नास, एका रेस्टॉरंटचा जनरल मॅनेजर, माझ्या माघारी काय कोणाकडे जावे ते आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. मन ठिकाणावर आहे, कोणी भरीस घातलेले नाही. अक्षर गावच्या शाळेतल्या गुरुजींनी घटवून घेतलेले आहे, त्यामुळे वाचताना कोणाला अडचण येऊ नये.

पुढच्या सोमवारी हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही." हे वाक्य कोणत्या आवाजात म्हणायचे ते मला ठाऊक आहे. बावीस वर्षे मी ते टेबलाटेबलाशी म्हणत आलो. तेव्हा लिहून ठेवलेले बरे. देवाने नेले तर गाऱ्हाणे नाही. ठेवले तर कागद कपाटात राहील.

१. पत्नीचे शिलाई मशीन तिच्या थोरल्या बहिणीला द्यावे. दर महिन्याला तेल घालतो, चालू स्थितीत आहे. माझा काळा कोट ज्याला होईल त्याला द्यावा. कोपरांना ठिगळे आहेत, पण पत्नीने ती अशी लावली आहेत की एकाही गिऱ्हाइकाला कधी दिसली नाहीत.

२. आमच्या मुख्य आचाऱ्याला काही देत नाही. साक्षीदाराला वाटा देता येत नाही, असे वकील म्हणाले. त्याला सांगितले तर म्हणाला, "तुमच्याकडनं काय मिळणार होतं साहेब, जुने बूट?" त्याचे एक देणे मात्र इथेच फेडतो. पत्नीच्या तपासणीच्या दिवशी आमच्याकडे साठ माणसांची जेवणाची पार्टी होती. तो म्हणाला होता, "वहिनींना घेऊन जा तुम्ही, इथलं मी बघतो." मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तू तुझ्या चुलीपुरतं बघ." त्यानंतर आठ महिने मी त्याच्याशी कामापुरतेच बोललो. चूक माझी होती. रेस्टॉरंटच्या मालकांवरही बराच काळ राग धरला, पण त्यांनी मला थांबवले नव्हते. मी आपणहून थांबलो. तपासणी पुढे ढकलली गेली.

३. आता ज्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते. नवीन वेटर आला की मी त्याला शिकवतो: गिऱ्हाईक चिडले की मान थोडी झुकवायची, माफी मागायची, काहीतरी गोड पाठवायचे आणि पुढच्या टेबलाकडे वळायचे. गिऱ्हाईक शांत होते. पदार्थ का बिघडला ते तसेच राहते.

पत्नी पहिल्यांदा म्हणाली, "पोटात डाव्या बाजूला दुखतंय." मी म्हणालो, "अरेरे, कधीपासून? बघतो हं लगेच." दुसऱ्या दिवशी रेस्टॉरंटमधून तिच्यासाठी सूप आणले. पुढच्या वेळी आइस्क्रीम आणले. तिसऱ्या वेळी ती हसून म्हणाली, "अहो, माझी तक्रार मिटवू नका. दुखतंय मला." मीही हसलो. वर, बायको कशी बोलते बघा, म्हणून हा किस्सा कामावर चार जणांना सांगितला. तिन्ही वेळा मुलगी त्याच खोलीत अभ्यास करत बसली होती.

दवाखान्यात नेले तेव्हा उशीर झाला होता. पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली.

४. मुलगी आता दुसऱ्या शहरात शिक्षिका आहे. महिन्यातून एकदा फोन करते. मागच्या महिन्यात मी घराचा विषय काढला. ती म्हणाली, "नको बाबा. घर घेतलं की सगळे म्हणतील, झालं, मिटलं. तुम्हालाही तसंच वाटेल."

"नाही वाटणार."

"वाटेल. मिटवायची सवय आहे तुम्हाला."

तरी तिने फोन ठेवला नाही. म्हणाली, "गोळ्या घेता ना वेळेवर?"

म्हणून स्पष्ट लिहितो. तिसऱ्या मजल्यावरचे माझ्या मालकीचे दोन खोल्यांचे घर, आतल्या सामानासह, मी माझ्या मुलीला देतो. घर स्वीकारणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. तिने घर घेतले म्हणून तिचा राग गेला, असे कोणी म्हणू नये, नातेवाइकांनी तर मुळीच नाही. याच घरात राहून तिने माझा राग करावा. माझा फोटो लावायची गरज नाही. विकले तरी चालेल, भाड्याने दिले तरी चालेल. रोज सकाळी देवापुढे उभा राहतो तेव्हा तिचा राग जावा असे मी मागत नाही. तिचे ऐकून घेणारे माणूस तिला मिळावे, एवढे मागतो.

५. वकिलांनी विचारले, "मुलीने नाही म्हटलं तर घर कोणाला? दुसरं नाव घाला."

मी म्हटले, "दुसरं नाव नाही."

"अहो, असं कसं चालेल? भावाचं घाला."

धाकटा भाऊ शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "माझं नका घालू, वकीलसाहेब. मी किल्ली सांभाळतो."

त्याप्रमाणे किल्ली भावाकडे राहील. माझी बँकेतली बचत त्याच्या ताब्यात द्यावी. त्यातून त्याने घरपट्टी आणि विजेचे बिल भरत राहावे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घर उघडावे, खिडक्या उघडाव्यात, स्वच्छ पाणी येईपर्यंत नळ सोडून ठेवावा. मुलीने मागितली की त्याच दिवशी किल्ली द्यावी, उरलेली बचतही तिलाच द्यावी. तिने काय ठरवले, हे मात्र आपणहून विचारू नये. ती नाही म्हणाली तरी दुसऱ्या महिन्यात घर पुन्हा उघडावे, नळ पुन्हा सोडावा.

हे सर्व वाचून पाहिले, बरोबर आहे.

लिहून देणार : (सही)

साक्षीदार :
१. मुख्य आचारी (सही)
२. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका (सही)

दोघांनी माझ्यासमोर आणि मी दोघांसमोर सही केली.

ठिकाण : राहते घर, तिसरा मजला
दिनांक : नऊ मार्च, मंगळवार, सकाळी अकरा