सत्तावीस खिळे

मंगळवार, ३

कायम झालो — आणि पहिल्याच दिवशी घरी परत पाठवलं!

बारा वर्षं, चार शाळा. कुणी रजेवर गेलं की मला बोलवायचं, कायमचा माणूस आला की मला नारळ द्यायचा. आज ‘कायम’ असं छापलेलं पत्र घेऊन नव्या शाळेच्या कारकुनासमोर उभा राहिलो. त्याने ते पत्र उलटं करून मागची कोरी बाजूही वाचली. ‘आरोग्याचा दाखला?’ दिला. ‘दुसरी प्रत?’ दिली. ‘आधीच्या चारही शाळांचे सोडल्याचे दाखले?’ तीन दिले. चौथी शाळा बंद पडली हो! इमारतसुद्धा पाडली. ‘मग उद्या घेऊन या.’ काय घेऊन येऊ? विटा?

घरी सांगितलं तर ही पोट धरून हसली. आप्पा हसले नाहीत. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, सांधा बसला का नाही तेवढंच बघतो. ‘कायम म्हणजे आता तिथून कुणी उठवणार नाही ना?’ असं दोनदा विचारलं.

नाही आप्पा. कुणी उठवणार नाही. आधी बसू तर देऊ देत.

बुधवार, ४

कारकुनाचं नाव ‘उद्या’ ठेवलं आहे. आज गेलो. म्हणाला, उद्या.

गुरुवार, ५

शेवटी हेडसरांनीच सही केली. न वाचता. ‘पाडलेल्या शाळेचा दाखला कोण देणार?’ म्हणाले — हेच तर मी दोन दिवस बोंबलतोय! किल्ली हातात दिली. ‘तिसरीचा वर्ग. कोपऱ्यातली खोली. सोळाला शाळा सुरू, तोवर तुम्हाला हवं ते करा.’ मुलांची यादी? ‘कारकुनाकडे.’ कारकून काय म्हणाला ते लिहायलाच नको.

खोली पाहिली. कपाटाचं दार उघडत नाही, उघडलं की मिटत नाही. खुर्चीचे तीन पाय जमिनीवर, चौथा स्वतःच्या मर्जीने. फळा इतका गुळगुळीत की खडू घसरतो. तरी चालेल. पण भिंत!

दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, दारापासून थेट तिसऱ्या बाकापर्यंत, खिळे. एका ओळीत. माझ्या मांडीच्या उंचीवर. मोजले — सत्तावीस! काही टांगलेलं नाही, काही नाही. नुसते खिळे. चांगल्या भिंतीला गोवर उठल्यासारखे.

शिपाईमामांना विचारलं. म्हणाले, ‘आधीच्या बाईंनी मारले. स्वतः, हातोडी आणून. ही पोरं पहिलीपासून त्यांच्याकडेच होती, ह्याच खोलीत.’ मग सहज म्हणाले, ‘त्या तात्पुरत्या होत्या ना. तुमचं पत्र आलं, त्या गेल्या.’

मामांनी सहज सांगितलं. मला सहज ऐकता आलं नाही. म्हणजे ह्या वेळचा ‘कायमचा माणूस’ मी! चार वेळा मला उठवलं तेव्हा कुणाला वाईट वाटलं होतं? मग मी का वाटून घेऊ? नाही वाटून घेत.

शुक्रवार, ६

आधीच्या बाईंचा फोन आला. मामांनीच नंबर दिला असणार. नाव दिसलं नाही, पण पलीकडून ‘सर, मी तिसरीच्या मुलांची आधीची —’ एवढं ऐकलं आणि ‘वर्गात आहे’ म्हणून ठेवून दिला. वर्गात होतोच. रिकाम्या!

मला ठाऊक आहे त्या फोनमध्ये काय असतं. मी स्वतः केलेत तसे फोन. तिसरी शाळा सोडली तेव्हा माझे तक्ते कपाटात राहिले होते. नव्या मॅडमना चार वेळा फोन केला, त्यांनी एकदाही उचलला नाही. किती चिडलो होतो! आता कळतंय, का उचलत नसतील. ऐकून घ्यायचं तरी काय? ‘मी किती कष्टाने केलं होतं’?

ही म्हणाली, ‘अहो, उचला की. खाणार आहे का ती तुम्हाला?’

शनिवार, ७

दिवसभर कपाट. आतून निघालं: अर्ध्या वाटीएवढे मणी, दोरे, सुतळी, पुठ्ठ्याचे कापलेले आकडे, वाळू चिकटवलेले कागद. कचरा नुसता. शिक्षिका होत्या की भंगारवाल्या? सगळं एका खोक्यात भरून कपाटावर टाकलं. फेकणार होतो. तक्त्यांची आठवण झाली, नाही फेकलं.

एक लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच माझा राग समजेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी आप्पांनी मला लाकडी घड्याळ करून दिलं होतं. सागवानी चौकट, आकडे कोरलेले. वर्गात लावायला. हातोडी घेऊन उभा राहिलो तर तिथल्या मोठ्या बाई धावत आल्या. ‘सर, खिळा मारू नका! तुम्ही उद्या जाल, भोक आमच्या भिंतीला राहील.’ वर्गातली मुलं बघत होती. घड्याळ पिशवीत घालून घरी आणलं. बारा वर्षं पलंगाखाली आहे. आप्पांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

मी एक खिळा मारू शकलो नाही. आणि ह्या बाई, त्याही तात्पुरत्याच, सत्तावीस मारून गेल्या!

रविवार, ८

आप्पांना शाळेत नेलं. खुर्ची दहा मिनिटांत सरळ केली, कपाटाच्या बिजागरीला दोन शिव्या दिल्या आणि तीही सुधारली. मग त्या भिंतीपाशी जाऊन बसले. उठेचनात.

‘हे अडाण्याचं काम नाही,’ म्हणाले. खिळ्यांवर अंगठा फिरवत होते. ‘डोकी कानशीने घासून गोल केलीत. एकेक. हाताला लागू नयेत म्हणून. आणि ओळ बघ, पाणसळ लावल्यासारखी, कुठे वरखाली नाही.’ मग टेप काढली. दोन खिळ्यांमधलं अंतर मोजलं, पुढचं मोजलं, त्याच्या पुढचं मोजलं. ‘सगळीकडे सव्वापाच. हे कुठलं माप झालं? पाच नाही, सहा नाही. सव्वापाच इंचावर कोण खिळा मारतं?’

म्हटलं, आप्पा, वेडी माणसं मारतात.

‘वेड्याचं माप चुकतं,’ म्हणाले.

मी म्हटलं, पक्कड द्या. म्हणाले, ‘एकदा त्या बाईंना विचार तरी. दुसऱ्याचं काम उसवायच्या आधी ते कशासाठी केलं ते बघावं.’ आता आप्पापण त्यांच्याच बाजूला! माझा आवाज चढला. बारा वर्षं विचारतच आलो म्हटलं — बसू का, उघडू का, लावू का. आता कुणाला विचारणार नाही. खोली माझी आहे.

आप्पांनी पक्कड दिली. बोलले नाहीत. येताना रस्ताभर बोलले नाहीत.

सोमवार, ९

नाकी नऊ आले. गोल डोक्यावर पक्कड बसतच नाही. पटाशीने भिंत कुरतडायची, खिळा मोकळा करायचा, मग ओढायचा. अकरा निघाले आणि तळहाताला फोड आला. मामा दारात येऊन उभे. ‘सर, त्या बाई सांगून गेल्यात, की नव्या सरांना भेटल्याशिवाय भिंतीला —’

मी हात वर केला. ‘मामा, ह्या भिंतीबद्दल आता कुणी काही बोलायचं नाही.’

मामांना मी असं बोललो. बारा वर्षं मला लोक जसं बोलत होते, अगदी तसं. ते गेले. मी उरलेले सोळा काढले. मधेच थांबावंसं वाटलं, पण अकरा काढल्यावर थांबणार कसा? अर्धी हजामत करून उठता येतं का?

मंगळवार, १०

सत्तावीस भोकं. लांबी भरून बुजवली. पाठ गेली.

बुधवार, ११

रंग. हिला मदतीला नेलं. दुकानदाराने ‘हस्तिदंती’ म्हणून दिला तो भिंतीवर लावल्यावर आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसतो. बदलून आणला. दुसरा हात दिला आणि भिंत अशी काही सपाट झाली — हात फिरवून पाहिला, कुठे काही लागत नाही. बाकंही फिरवली. सरळ रांगा मोडून अर्धवर्तुळ केलं. किती वर्षं मनात होतं! ‘आता शाळेसारखं वाटतंय,’ ही म्हणाली. मग म्हणाली, ‘आप्पा जेवताना गप्प असतात हो चार दिवस.’

मला दिसत नाही का?

गुरुवार, १२

आधीच्या बाईंचा पुन्हा फोन. नाही उचलला. मग संदेश आला. तसाच उतरवतो: ‘सर, वर्गातल्या एका गोष्टीबद्दल सांगायचं होतं. प्रत्यक्ष दाखवलं तर बरं पडेल. शाळा सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं मिळतील का? माझी काही तक्रार नाही.’

‘तक्रार नाही’ असं लिहिणाऱ्या माणसाची हमखास तक्रार असते. मीही असंच लिहायचो. उत्तर पाठवलं: ‘सध्या गडबडीत आहे. शाळा सुरू झाल्यावर बघू.’

पाठवल्यावर तिसऱ्या शाळेतल्या त्या मॅडम आठवल्या. त्या मॅडमनी मला निदान असलं उत्तर तरी पाठवलं नव्हतं.

शुक्रवार, १३

घड्याळ लावलं! एक खिळा. पहिल्याच ठोक्याला गेला. आप्पांना बोलावलं होतं, आले. लांबून बघितलं, जवळ येऊन चौकट एक केसभर उजवीकडे केली. टिकटिक मोठ्याने येते, रिकाम्या खोलीत फारच. आप्पांनी बारा वर्षांपूर्वीचा स्वतःचा हात ओळखला आणि हसले. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मग डाव्या भिंतीकडे नजर गेली त्यांची. लगेच वळवली.

शनिवार, १४

‘उद्या’ साहेबांनी अखेर आज यादी दिली! अडतीस नावं. शेऱ्याचा रकाना आहे, तो अडतीस वेळा रिकामा. ‘काही विशेष?’ विचारलं. ‘काय विशेष असणार? पोरं आहेत.’ हेडसर बाहेरगावी. नावं पाठ करत बसलो.

रविवार, १५

सदरा इस्त्री केला, मग पुन्हा केला. ही म्हणते, लग्नातसुद्धा एवढे घाबरला नव्हता. बारा वर्षं पहिल्या दिवशी एकच विचार असायचा, इथे किती दिवस. उद्या तो नाही. उद्या मुलांनी विचारलं, ‘सर, तुम्ही कधी जाणार?’ तर काय सांगायचं ते पाठ करून ठेवलंय.

सोमवार, १६

शेवटची आली ती एक मुलगी. बारकीशी, दप्तर छातीशी धरलेलं. दारात थांबली, घड्याळाच्या टिकटिकीकडे कान केला. मग डावा हात भिंतीला लावला. बोटं ताणून, अंगठा टेकवून, वीत टाकतात तशी. काहीच लागलं नाही. थोडं खाली चाचपलं, थोडं वर. मग हात तसाच भिंतीवर ठेवून उभी राहिली.

‘बाई,’ माझ्याच दिशेला तोंड करून म्हणाली, ‘खिळे कुठे गेले? माझं बाक सत्ताविसाव्याला असतं.’

तिला दिसत नाही. बाकीची सदतीस मुलं मला बघत होती. पाठ केलेलं सगळं गेलं. हात धरून बाकापर्यंत नेलं, तर बाकही तिथे नव्हतं. मीच हलवलेलं. ‘मला एकटीला येतं,’ ती म्हणाली, आणि रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. हेडसर म्हणाले, ‘अरे हो, सांगायचं राहिलंच.’ त्यांना काय बोलू? मला सांगायला तीन माणसं आली होती.

मधल्या सुट्टीत फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला. खिळे काढले म्हणून सांगितलं. सगळं सांगितलं.  बाई म्हणाल्या, ‘येते मी संध्याकाळी. पण सर, जुनं अंतर घेऊ नका. ती वीत पहिलीतली आहे. हात वाढला असेल तिचा, परत मोजून घ्या.’

आप्पांना पेटी घेऊन यायला सांगितलं. मुलीचा हात माझ्या टेबलावर ठेवला, बोटं ताणायला लावली, मोजली.

पावणेसहा. आता पंचवीसच पुरतील.