ताईचा नंबर

ताई,

झोप लागत नाही, एवढंच सांगायला दवाखान्यात आलो होतो. इथल्या बाकांचा रंग कसला भयाण आहे! ते असो. नर्सने आधी माझ्यासोबतच्या मित्राला बाहेर बसवलं, मग मला सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का?”

मी म्हटलं, “मेलो तर ताईची कटकट मिटेल.”

“थट्टा पुरे, राजा. हो की नाही?”

इतकं उघड मला कुणी विचारलंच नव्हतं. खोटं बोलायचाही कंटाळा आला होता गं. हो म्हटलं. ती दचकली नाही. स्टूल ओढून जवळ बसली. “आता तुला एकटं सोडणार नाही. घरी कोण आहे?”

मी तुझा नंबर दिला. इथेच बसून ती फोन लावतेय. तू उचललास, की हे पत्र फाडून टाकतो.

तू म्हणतेस तो,
उंडगा